अर्धवट राहिलेली किट कार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात घरी गाडी बांधण्यावर चार ओळी लिहिल्या आणि प्रश्न धडाधड आले, बरेचसे इंग्लंडमधल्या मराठी मंडळींचे. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : किट कारमध्ये कंपनी चासी, बॉडी आणि काही भाग विकते, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक वगैरे एखाद्या जुन्या गाडीतून (तिला डोनर म्हणतात) काढायचं आणि सगळं घरी जुळवायचं. इंग्लंडमध्ये हे फोफावलं ते टॅक्समुळे. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांत घेतली की परचेस टॅक्स वाचायचा. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली, त्याच वर्षी सेव्हन बनवायचे हक्क केटरहॅमकडे गेले, पण तोवर लोकांना नाद लागला होता तो लागलाच. आता प्रश्नांकडे.

प्रश्न : दादा नमस्कार. लेस्टरजवळ राहतो, आयटीत आहे, हाताने काहीतरी करायची आवड लहानपणापासून. एका रिटायर्ड गृहस्थांच्या गॅरेजमधून सेव्हन टाइपची अर्धवट किट घेतलीय. चासीला चाकं लागलीत, ॲल्युमिनियमचे पत्रे मारलेत, ब्रेकचे पाइप टाकलेत, इंजिन बाजूला पॅलेटवर आहे आणि बाकी खोकीच खोकी. सगळं फोर्ड सिएराचं आहे आणि ८० टक्के काम झालंय असं ते म्हणाले. थेट वायरिंगला हात घालू का?

उत्तर : आधी तो ८० टक्के आकडा डोक्यातून काढून टाका. अर्धवट गाडी घेताना तुम्ही भाग विकत घेता, काम नाही, कारण कुठला बोल्ट नीट आवळलाय आणि कुठला नुसता हाताने फिरवून ठेवलाय हे त्या गृहस्थांनाही आता आठवणार नाही. त्यांनी मन लावून केलं असेल, नक्कीच असेल, पण ब्रेक आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या आठवणीवर सोडायचं नसतं. म्हणजे सगळं उघडायचं आणि पुन्हा लावायचं. ऐकायला जीवावर येतं पण खरं सांगतो, जोडलेलं उघडताना तुम्हाला ती गाडी जेवढी कळेल तेवढी दुसऱ्या कशानेच कळणार नाही.

आणि त्याच्याही आधी कागद. आज उद्या नाही, याच आठवड्यात त्या गृहस्थांकडे परत जा, चहा प्या आणि जुन्या पावत्या, फोटो, डोनर गाडीचं लॉगबुक (म्हणजे तिथली आरसी), इंजिन नंबरचा कुठलाही कागद मिळतो का बघा. सिएरा १९९३ मध्येच बंद झाली, तुमची डोनर कधीच भंगारात गेली असणार, पण कागद एखाद्या फाइलमध्ये असतात. हे एवढं का सांगतोय, तर गाडी रस्त्यावर आणायला आयव्हीए नावाची टेस्ट द्यावी लागते आणि त्यात धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते. वय सिद्ध करता आलं नाही तर तुमच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाला नव्या गाडीचे निकष लागतात आणि ते त्यात काही केल्या बसत नाही. दुसरं म्हणजे नंबर. नवी चासी आणि एकाच डोनरचे दोन मोठे भाग एवढं दाखवता आलं तर डोनरच्या वयाचा नंबर मिळतो, नाहीतर क्यू ने सुरू होणारी प्लेट, म्हणजे गाडीचं वय ठरवता आलं नाही अशी खूण. क्यू प्लेटने गाडी चालते, अडत काही नाही, पण विकताना भाव पडतो. गाडी हौशी माणसाने स्वतः बांधलीय हेही पुराव्यानिशी दाखवावं लागतं, म्हणून त्यांचे जुने फोटो घ्या आणि आजपासून तुमचेही काढायला लागा, रोज दोन-चार, हात काळे असताना काढलेले सगळ्यात उपयोगी.

मग चासी. खोकी उघडून सगळं जमिनीवर मांडा, यादी करा, काय आहे काय नाही ते बघा आणि बाजूला ठेवा. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे ॲक्सल स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, कधीच नाही) आणि चाकं, विशबोन (चाक चासीला धरून ठेवणारे त्रिकोणी दांडे), स्टिअरिंग रॅक सगळं उतरवा. या चासी साधारण २५ मिमीच्या चौकोनी ट्यूबच्या असतात, पत्रा दीडेक मिमी जाड, आणि ॲल्युमिनियम जिथे रिव्हेटने मारलंय तिथे प्रत्येक भोकातून पाणी ट्यूबच्या आत जातं. वरून पावडर कोटिंग चकचकीत आणि आतून गंज असं होऊ शकतं. खालच्या ट्यूबवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, आवाज बदलला की तिथे थांबा. पावडर कोटला फोड आलेला दिसला तर तो खरवडा, घाबरू नका, खाली काय आहे ते आत्ता कळलेलं बरं. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये सीलंट नसेल तर दोघं एकमेकांना खातात, पांढरी पावडर दिसेल, तेवढा पत्रा काढून परत मारा.

मापं घ्या. सपाट जमिनीवर समोरच्या डाव्या विशबोनच्या ब्रॅकेटपासून मागच्या उजव्या ब्रॅकेटपर्यंत टेप लावा, मग उलटा कर्ण मोजा. दोन-तीन मिमीचा फरक चालून जातो. दहाच्या आसपास आला तर पुढचं सगळं थांबवा आणि चासीवाल्या चांगल्या वेल्डरला दाखवा.

ब्रेकचं म्हणाल तर त्यात जुनं रबर काहीही ठेवू नका. मास्टर सिलिंडरचे सील, कॅलिपरचे सील, होज सगळं नवीन. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि एवढी वर्षं पडून राहिलेल्या सिस्टीममध्ये पिस्टन आतून गंजलेले निघतात, सिएराचे कॅलिपर रिबिल्ड करायचं सामान मिळतं, महाग नाही. पाइप साध्या तांब्याचे असतील तर फेकून द्या, थरथरीने तांबं कडक होतं आणि फाटतं, कॉपर-निकेलचे टाका, साधारण ३०० मिमीवर एक क्लिप. आणि प्रत्येक जॉइंट उघडून पाइपचं तोंड बघा. दोन प्रकारची फ्लेअर असते, एक आत दुमडलेली आणि एक बुडबुड्यासारखी गोल, आणि ज्या भोकात ती बसायची त्याची बैठकही त्याच आकाराची लागते. चुकीची जोडी कोणी जास्त जोर लावून आवळली असेल तर फ्लेअरच्या कडेला एका बाजूनेच चकाकणारी अर्धी रेघ दिसते. नीट बसलेली असेल तर रेघ पूर्ण गोल असते. अर्धी रेघ दिसली की पाइप नवीन.

सस्पेन्शनचे बुश रबरचे असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावरच फायनल आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट एकदा काढले की परत वापरू नका. टॉर्क रेंचने आवळलं की नटावर पेंटची रेघ मारा, म्हणजे काय झालंय आणि काय राहिलंय हे वर्षभराने पण दिसेल. वायरिंग हे सगळं झाल्यावर.

प्रश्न : माझ्या किटमध्ये फोर्डचं दोन लिटरचं पिंटो इंजिन आहे, बरीच वर्षं बंद. नवीन बॅटरी लावून सेल्फ मारून बघू का? — एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : नका हो, आजच नका. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, रात्रभर राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. फिरत नसेल तर जोर करू नका, अजून तेल, अजून एक रात्र. रिंगा चिकटलेल्या असताना सेल्फ मारला तर रिंग तुटते.

फिरलं की टायमिंग बेल्ट बदला (जुना कितीही चांगला दिसू दे), तेल आणि फिल्टर बदला आणि मग रॉकर कव्हर काढा, कारण पिंटोचं खरं दुखणं तिथे आहे. हेडमध्ये कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) तेल शिंपडणारी एक बारीक नळी असते. तिची भोकं जुन्या तेलाच्या काळपट चिकट्याने बुजतात, मग कॅम कोरडा चालतो आणि झिजतो. नळी काढा, पेट्रोलने धुवा, भोकातून बारीक तार फिरवा, परत लावा. आता प्लग काढलेलेच ठेवून सेल्फ मारा, कव्हर उघडं असताना, आणि बघत राहा : प्रत्येक लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) तेलाची धार पडायला हवी. एकावर जरी पडत नसेल तर पुढे जायचं नाही. मग टॅपेटचं गॅप (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट), थंड इंजिनवर इनलेट ०.२० मिमी आणि एक्झॉस्ट ०.२५ मिमी. लोबचं टोक गोल असावं, चपटं किंवा चरे पडलेलं असेल तर कॅम बदला, गॅप सेट करून काही होत नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल टाकून द्या, ते आता पेट्रोल राहिलेलं नाही, वार्निश झालंय. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करा. आणि होज बदला, कारण सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंडमधलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे आणि इथेनॉल जुन्या रबराला भेगा पाडतं. आर९ लिहिलेला होज मागा.

प्रश्न : माझी बॉडी फायबरची आहे. इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा पार्किंग लाइट पण मंद मंद लुकलुकतो. स्विच बदलला, फ्लॅशर बदलला, काही फरक नाही.

उत्तर : अर्थिंग. लोखंडी गाडीत दिव्याची बॉडी गाडीला टेकली की अर्थ मिळतो, फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थची वायर चासीपर्यंत न्यावी लागते. ती सैल असेल तर करंट शेजारच्या बल्बमधून परतीची वाट शोधतो आणि तो लुकलुकतो. वायर चासीला जिथे बोल्ट केलीय तिथला पावडर कोट खरवडून लोखंड उघडं करा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. नवीन काहीही विकत घेऊ नका.

प्रश्न : माझ्या बाबांनी नव्वदीच्या दशकात सुरू केलेली किट मी आणि ते मिळून पूर्ण करतोय. गाडी सुरू होते, अंगणात चालते. आता टेस्टची भीती वाटते, लोक नापास कशात होतात? — एक वाचक, रेडिंग

उत्तर : ताई, पहिलं हे की बाबांनी सुरुवात केली तेव्हाचे नियम विसरा. इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये एसव्हीए टेस्ट आली, २००९ मध्ये तिच्या जागी आयव्हीए आली, आणि काम कधीही सुरू केलेलं असो, तुमची गाडी आजच्या नियमांनी तपासली जाणार. आयव्हीएचं मॅन्युअल सरकारी साइटवर फुकट आहे, ते प्रिंट काढून दोघांनी गाडीभोवती बसून पानापानाने टिक करा.

इंजिन, ब्रेक यात लोक क्वचितच अडकतात, त्याची काळजी सगळेच घेतात. अडकतात ते कडांमध्ये. बाहेरच्या बाजूला १०० मिमीचा गोळा जिथे टेकू शकतो तिथली कड किमान २.५ मिमी त्रिज्येची गोल हवी. म्हणजे सस्पेन्शनचा बोल्ट, मडगार्डची कड, आरशाचा दांडा, नंबर प्लेटचा कोपरा, सगळं. हाताने चाचपत गाडीभोवती फिरा, जिथे बोचतं तिथे रबरी ट्रिम किंवा नटाची टोपी लावा. डॅशबोर्डच्या खालच्या कडेचंही तसंच.

दुसरं म्हणजे स्टिअरिंग. वळवून हात सैल सोडला की चाकं आपोआप सरळ व्हायच्या दिशेने यायला हवीत, या हलक्या गाड्यांत ते होत नाही आणि इथे बरेच जण परत पाठवले जातात. कॅस्टर आणि ट्रॅकिंग (पुढच्या चाकांचे कोन) टेस्टच्या आधी नीट मोजून घ्या. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल आहे, सायलेन्सरमधली लोकर जुनी असेल तर बदला. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवून चालत नाही. ब्रेक ऑइल कमी झाल्याचा लाल दिवा लागतो की नाही ते बघा.

नापास झालात तरी कागदावर नेमकं काय दुरुस्त करायचं ते लिहून देतात आणि तेवढ्यासाठी परत जाता येतं. जाताना बाबांना घेऊन जा. एवढ्या वर्षांनी गाडी तपासणीच्या लाइनवर उभी राहतेय, ते त्यांनी बघायलाच हवं.

प्रश्न : काका, मी कोल्हापूरचा, डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. वेल्डिंग येतं, उद्यमनगरमध्ये ओळखीचा लेथवाला आहे. घरीच ट्यूबची चासी करून मारुतीचं इंजिन टाकून अशी गाडी बांधली तर पासिंग होईल का?

उत्तर : नाही होणार, आणि तू पैसे घालायच्या आधी विचारलंस हे फार चांगलं केलंस. एकट्यादुकट्या माणसाने घरी बांधलेल्या एका गाडीला मान्यता द्यायची इंग्लंडसारखी सोय आपल्याकडे नाही. रस्त्यावर येणाऱ्या मॉडेलचा नमुना एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ती वाट गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. असलेल्या गाडीची चासी-बॉडी बदलायची म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येणार नाही. भारी दिसणाऱ्या मॉडिफाय केलेल्या जीप विकायला असतात त्यांच्याबाबतीत पण हेच लक्षात ठेव, विकणारा काहीही सांगू दे.

मग तुझ्या हातातल्या कलेचं काय करायचं? कॉलेजात एसएईचा (वाहन इंजिनिअरांच्या संघटनेचा) क्लब असेल तर बाहा किंवा सुप्रा या विद्यार्थ्यांच्या गाडी बांधायच्या स्पर्धांच्या टीममध्ये घुस. तिथे ट्यूब वाकवण्यापासून ब्रेक टेस्टपर्यंत सगळं स्वतः करायला मिळतं आणि तपासणारे डोळ्यात तेल घालून तपासतात. स्वतःचीच गाडी हवी असेल तर अर्धवट उघडून पडलेली, पण कागद जिवंत असलेली जुनी गाडी शोध आणि ती मूळ रूपात उभी कर. जुन्या पद्मिनी अजून वाड्यांच्या मागे, शेडमध्ये पडलेल्या असतात. ५० वर्षांवरची असेल तर जुलै २०२१ च्या नियमाने व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण मग ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच रस्त्यावर आणायची.

गाडी बघायला जाताना एक पेन्सिल आणि पातळ कागद खिशात ठेव. चासी नंबर असतो ती जागा शोध, तारेच्या ब्रशने साफ कर, वर कागद धरून पेन्सिल घास आणि उमटलेला नंबर आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा लावून बघ. इंजिन नंबरचंही तसंच. दोन्ही जुळले आणि आरसीवर ज्याचं नाव आहे तो स्वतः सही करायला तयार असेल, तरच टोकन दे.