‘भरधाव’ हा शब्द आधी काढा

तुमचा प्रश्न वाचून माझेच जुने दिवस आठवले. तुमचा प्रबंध दहाव्या शतकातल्या बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या) चिलखती घोडदळावर, आणि गाडी अडलीय ‘रिकिबी आल्या म्हणून भरधाव हल्ला शक्य झाला’ या वाक्याशी: ते ठेवावं का? (रिकिबी म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कड्या.) माझाही विषय हाच होता. याच वाक्यावर मी एक अख्खं प्रकरण उभं केलं होतं.

रिकिबींचं लवकर उरकतो. बायझंटाइन सम्राट मॉरिसच्या नावावरच्या युद्धग्रंथात, इ.स. 600च्या आसपास, खोगिराला दोन लोखंडी रिकिबी लावायला सांगितलंय. पण इ.स.पू. 53 मध्ये रोमनांची वाताहत करणाऱ्या पार्थियन (इराणी) सैन्यातले चिलखती भालाईत रिकिबींशिवायच लढले.

खरा घोळ ‘भरधाव’मध्ये आहे. बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकासच्या (राज्यकाळ 963–969) नावावरच्या पुस्तिकेत हे स्वार त्रिकोणी व्यूहात आहेत: पहिल्या रांगेत 20, पुढे प्रत्येक रांगेत चार वाढत बाराव्या रांगेत 64, एकूण 504. घोड्यांना नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) आणि कडक चामड्याची पाखर, म्हणजे घोड्याचं चिलखत, दिसतात फक्त डोळे आणि नाकपुड्या. आणि चाल? दुडकी! रांग मोडता कामा नये म्हणून. शिवाय पुढच्या चार रांगांच्या हातात मुख्यतः गदा आहेत, भाले नाहीत. माझं प्रकरण भाल्याच्या धडकेवर होतं. आठ महिने पाण्यात गेले.

हे मला वेळेत का कळलं नाही? त्या पुस्तिकेच्या भाषांतरासाठी एका ग्रंथालयात केलेला अर्ज चार महिने पडून होता. दर खेपेला ‘साहेब रजेवर आहेत’, आणि शेवटी ‘फॉर्म जुन्या नमुन्यातला आहे, नवीन भरा’. मुदत डोक्यावर आली आणि मी इतरांच्या लेखांवर भागवलं. आजही आठवलं की संताप होतो. तुम्ही अर्ज आजच करा, पोच घ्या, आणि भाषांतर हाती येईपर्यंत त्या प्रकरणाची एक ओळही लिहू नका.

मला ग्रीक येत नाही, भाषांतरावरूनच बोलतोय. तुमच्या मार्गदर्शकांचं मत वेगळं असेल तर त्यांना विचारा. पण रिकिबींवरून सगळ्या मध्ययुगाचा उलगडा करणाऱ्या लेखनावर माझा अजिबात विश्वास उरलेला नाही.

एक जोडसूचना, चित्रं काढणार असाल तर. इराणमधल्या ताक-ए-बोस्तानच्या सासानी (इस्लामपूर्व इराणी राजघराण्याच्या) शिल्पात घोड्याची पाखर फक्त पुढच्या अर्ध्या अंगावर आहे, मागचा भाग उघडा. तो घोडा बायझंटाइन म्हणून उचलू नका.