मॉडेलगनला भरपूर तेल लावूनही आतून गंज का चढतो?

तुम्ही लिहिलंय की टोकियोत सेकंडहँड गव्हर्नमेंट मॉडेलगन घेतली (म्हणजे कोल्ट एम१९११ पिस्तुलाची, गोळी न सुटणारी, नुसत्या कॅप्स फोडणारी प्रतिकृती), शनिवारी शंभर कॅप्सची अख्खी डबी उडवली, फडक्याने पुसून भरपूर तेल मारून ठेवली. आठवड्याने उघडली तर स्प्रिंगवर तांबडा गंज आणि कार्ट्रिज (कॅप बसवायची पितळी नकली काडतुसं) हिरवे. तेल निकृष्ट होतं का?

तेलाला दोष देऊ नका. तेलाच्या आधी पाणी लागतं, ते तुम्ही दिलं नाहीत.

आपण दिवाळीत ज्या टिकल्या फोडायचो, त्याच जातीची ही लाल प्लास्टिकची ७ मिलिमीटरची कॅप. आत लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट. फुटल्यावर मागे दोन गोष्टी उरतात. एक पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचंच भावंड. दुसरी फॉस्फरसची पांढरी राख, जी हवेतली ओल शोषून फॉस्फोरिक आम्ल बनते. पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी कशी पाझरते ते आठवा. जूनमध्ये टोकियोत त्सुयूचा, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याचा, पाऊस लागला की तुमच्या गनच्या आत तेच चालू असतं. आणि मीठ तेलात विरघळत नाही. वरून तेल मारलं की मीठ जागच्या जागी राहतं, त्याच्यावर फक्त पांघरूण पडतं.

ही काही खेळण्यांपुरती भानगड नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, तिथे बनलेल्या .३०३ रायफलच्या काडतुसांच्या टोपीतही क्लोरेट असायचं. म्हणून जुने सैनिक फायरिंगनंतर रायफलच्या नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत, मग चिंधी फिरवत, आणि तेल सगळ्यात शेवटी.

माझी पहिली गन मी तुमच्यासारखीच घालवली. कार्ट्रिजमधला पिस्टन असा धरला होता की पक्कड लावूनही हलेना. तेव्हापासून नियम एकच: ज्या दिवशी उडवली त्याच रात्री धुवायची, कितीही झोप आली तरी.

आधी कार्ट्रिज. एकही न फुटलेली कॅप आत नाही ना, हे प्रत्येकाचं बघून घ्या. मग खोलून पिस्टन आणि रबरी ओ-रिंग वेगळे करा. पितळी भाग एका वाडग्यात, गरम पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, चिमूटभर खायचा सोडा. आम्ल उरलेलं असेल तर बारीक बुडबुडे येतात. दहा मिनिटांत पाणी राखाडी होतं, आणि तळाशी कॅपचे लाल तुकडे दिसतात. जुन्या टूथब्रशने आतून घासा, वाहत्या पाण्याखाली धरा. हिरवं कळकलेलं पितळ मी एकदा आईच्या पद्धतीने चिंच-मिठाने घासलं. लखलखलं खरं, पण मीठ काढायच्या नादात आपणच मीठ चोळतोय हे नंतर डोक्यात आलं! पितांबरी बरी.

गनचे भाग धुताना पाणी हाताला सोसेल एवढंच गरम ठेवा, एबीएस प्लास्टिक उकळत्या पाण्यात वाकडं होतं. स्लाइड, नळी, रिकॉइल स्प्रिंग, फायरिंग पिन सगळं सुटं करून धुवा. तुमची गन हेवीवेट प्लास्टिकची असेल, तर त्यात धातूची पूड असते आणि वरचा रंगही नाजूक असतो, म्हणून भिजत टाकू नका. झटपट धुवा, लगेच पुसा. सोनेरी धातूची असेल (जपानच्या १९७१च्या कायद्यापासून धातूच्या पिस्तुलाच्या प्रतिकृतींना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा आहे, नळीही बंद लागते), तर मुलाम्याच्या खालचं जस्त तांबडं गंजत नाही. त्यावर पांढरी भुकटी धरते आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. तो परत बसत नाही.

मग वाळवणं. हेअर ड्रायर थंड झोतावर, आणि भाग रात्रभर वर्तमानपत्रावर पसरून. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि पिनच्या भोकात पाणी लपतं, तिथे टिश्यूची सुरळी घाला. हाताला कोरडं लागलं म्हणजे कोरडं झालं असं नाही.

आता तेल, तेही सिलिकॉनचं आणि बेताने. घरोघरी असतो तो गंज सोडवायचा स्प्रे प्लास्टिकवर किंवा रबरावर नको, ओ-रिंग फुगते. कार्ट्रिजमध्ये कॅप बसते तिथे तेल अजिबात नको. कॅप भिजली की फुसकी निघते, आणि लोक कॅपलाच शिव्या देतात.

तुमच्या गनचं म्हणाल तर स्प्रिंग सरळ बदला, खड्डे पडलेली स्प्रिंग ऐन वेळी तुटते. कार्ट्रिज वाचतील, ओ-रिंग नवीन घाला. फायरिंग पिन बारीक स्टील वूलने घासून बघा, भोकात सहज सरकली तर ठेवा. आणि उरलेल्या कॅप्स दिवाळीला पुतण्यांसाठी भारतात न्यायचा विचार असेल तर सोडून द्या. त्या स्फोटकांत मोडतात, विमानात ना हातातल्या बॅगेत चालत, ना चेक-इनमध्ये.