रिपोर्ट ‘निल’, तरी रक्त कमीच

प्रश्न : पत्नी दरवर्षी धानाच्या रोवणीला जाते. हिमोग्लोबिन 8 निघालं. डॉक्टरांनी संडास तपासायला सांगितली. रात्री डबीत नमुना भरला, दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याला दिला. ‘ओव्हा, सिस्ट : निल’ असा रिपोर्ट आला. म्हणजे जंत नाहीत ना?
– एक वाचक, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

उत्तर : असं म्हणता येत नाही. ‘ओव्हा’ म्हणजे जंतांची अंडी, ‘सिस्ट’ म्हणजे अमिबासारख्या सूक्ष्म जंतूंची कवचातली अवस्था; ‘निल’ म्हणजे पाहिलेल्या नमुन्यात ती दिसली नाहीत, एवढंच. काचपट्टीवर जेमतेम 2 मिलिग्रॅम, म्हणजे काडीच्या टोकाएवढा नमुना पाहतात. अंडी थोडी असली की हुकतात. दिवसाआड 3 नमुने द्या. फॉर्मॉल-ईथर पद्धत तिथे होते का, तेही विचारा. त्यात सुमारे 1 ग्रॅम नमुना गाळून, सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून तळाचा गाळ पाहतात.

तपासणी रोवणी चालू असतानाच केली का? हुकवर्मची (आतड्यात राहून रक्त शोषणाऱ्या जंताची) अळी बांधीतल्या चिखलातून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते (बोटांच्या बेचक्यात खाज सुटते ती तिथेच). पण आतड्यात पोचून अंडी घालायला तिला साधारण 5 ते 7 आठवडे लागतात. आषाढातली लागण आषाढातल्या रिपोर्टात दिसत नाही. पोळ्यानंतर पुन्हा तपासा.

रात्रीचा नमुना घट्ट असेल तर फारसं बिघडत नाही. पातळ असेल तर मात्र अमिबा (आवेचा जंतू) अर्ध्या तासात मरतो, मग तो ओळखू येत नाही. उन्हाळी दिवसांत नमुना दिवसभर पडून राहिला तर हुकवर्मची अंडी फुटून अळ्या निघतात. त्या स्ट्राँगिलॉइडिस या दुसऱ्याच जंताच्या अळ्यांसारख्या दिसतात आणि औषधच बदलतं. सकाळचा नमुना, त्याच सकाळी लॅबमध्ये, हे बरं.

नमुना कागदावर किंवा प्लास्टिकवर घ्या. जमिनीवरून उचलला तर मातीतल्या अळ्या येतात, लघवी मिसळली तर अमिबा मरतो. बोराएवढा पुरे. डबी कोरडी, फिरकीच्या झाकणाची. काडेपेटी नको, ती ओल शोषते. नाव, तारीख, वेळ लिहा. जंताची गोळी किंवा अँटिबायोटिक नुकतंच घेतलं असेल तर आधी सांगा.

रक्त 8 असताना तीन रिपोर्टांसाठी उपचार थांबवू नका. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा; अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाचा 400 मिलिग्रॅमचा एक डोस संशयावरूनही देतात, मात्र दिवस गेल्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. आपल्या भागात रक्त कमी निघालं की सगळं खापर जंतांवर फोडून चालत नाही.