ध्वन्यातीत, स्वनातीत की अतिस्वनातीत?

प्रश्न असा आहे : बातम्यांत क्षेपणास्त्राला कधी ‘ध्वन्यातीत’, कधी ‘स्वनातीत’, तर कधी ‘अतिस्वनातीत’ म्हणतात. हे शब्द एकाच अर्थाचे का? आणि अशा वेगासाठीच्या ‘स्क्रॅमजेट’ या इंजिनाला मराठीत काय म्हणावं?

‘ध्वन्यातीत’ आधी बाजूला काढू. ध्वनि + अतीत याचा संधी ‘ध्वन्यतीत’ होतो, जसा अति + अंत = अत्यंत. मधला काना ‘इत्यादी’च्या चालीवर घुसला असावा, पण तिथे मूळ शब्दच ‘आदि’ आहे. स्वन + अतीत = स्वनातीत मात्र चोख.

ध्वनीपेक्षा जास्त वेग तो स्वनातीत. माख ५ च्या (म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाच्या; बातम्यांत ‘मॅक ५’) पुढचा अतिस्वनातीत. त्यात ‘अति’ दोनदा येतो हे खरं, पण ओलांडायच्या हद्दीही दोन आहेत, म्हणून मला तो खटकत नाही. ब्रह्मोस माख २.८ च्या आसपास जातं, म्हणजे स्वनातीतच.

खरा घोळ पुढे आहे. ‘अतिस्वनातीत’ हा शब्द वेग सांगतो, इंजिन नव्हे. चीनच्या डीएफ-१७ आणि रशियाच्या अवांगार्दमध्ये रॉकेट वर नेऊन सोडतं; पुढचा पल्ला अस्त्र इंजिनाविना, हवेवर तरंगत कापतं. त्यांना स्क्रॅमजेट म्हणणं चूक.

रॅमजेट म्हणजे यानाच्या वेगानेच हवा आत दाबून घेणारं इंजिन. त्यात आत आलेली हवा ध्वनीच्या वेगाखाली आणून मग इंधन जाळतात. माख ५-६ च्या पुढे तेवढी हवा अडवली तर ती भयंकर तापते, दाब वाया जातो, आणि इंधन जाळून फारसा रेटा मिळत नाही. म्हणून स्क्रॅमजेटमध्ये ज्वलनकक्षातही हवा स्वनातीतच ठेवतात. इंधन मिसळून, पेटून, जळून जायला जेमतेम काही मिलिसेकंद मिळतात. तेव्हा यान अतिस्वनातीत, ज्वलन स्वनातीत. मराठी शब्द हवाच तर ‘स्वनातीत-ज्वलन इंजिन’ म्हणा. नुसतं ‘स्वनातीत इंजिन’ नको, त्यातून काहीच कळत नाही. रोजच्या लिखाणात ‘स्क्रॅमजेट’ पुरतो.

आणखी एक शब्द सुचवतो. कक्षात उष्णता प्रमाणाबाहेर वाढली की प्रवाह तुंबतो, आघाततरंग (शॉक वेव्ह) उलट सरकून हवा आत येण्याच्या तोंडाबाहेर फेकला जातो आणि रेटा जातो. अमेरिकेच्या एक्स-५१ए या स्क्रॅमजेटच्या चाचणी-यानाचं जून २०११ मध्ये हेच झालं : इंजिन एथिलीनवर पेटलं, पण जेपी-७ या मुख्य इंधनावर जाताना प्रवाह बिघडला. याला ‘इंजिन बंद पडणं’ म्हणतात ते अपुरं आहे, कारण बिघाड आत येणाऱ्या हवेच्या वाटेत असतो. आपल्याकडे त्याला नेमकं क्रियापद आहे : इंजिनाला ठसका लागला.