इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी पुरेल की २२०चीच घ्यावी?

घरात ३ पंखे, ५ एलईडी दिवे, एक राउटर, लाईट रोज दोन-तीन तास जाते आणि दुकानदार २२०ची गळ्यात मारतोय, असं तुम्ही लिहिलंय. १५० एएच (अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पुरते. एकच घ्या, उंच ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची. पण शेवटी तुम्ही विचारलंय, "मोठी घेतली तर बिघडलं कुठे?" या एका वाक्यावर आमच्या घरात २०१७पासून भांडण आहे, म्हणून पुढचं लिहितोय.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्र दीड-दोन किलोमीटरवर. इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं तेव्हा माझं म्हणणं होतं, १५०ची एक घेऊ आणि उरलेल्या पैशांत पंखे बदलू. दादा डोंबिवलीहून फोनवर म्हणाला, "घेतोच आहेस तर दोन घे. २००च्या." पैसे त्याचे, मग शब्दही त्याचाच. २४ व्होल्टचा इन्व्हर्टर (त्याला १२ व्होल्टच्या बरोबर दोनच बॅटऱ्या लागतात) आणि दोन धोंडे पडवीत येऊन बसले.

बॅटरी मोठी असली की घरातली माणसं बिघडतात. पहिल्या महिन्यात दोन पंखे, मग टीव्ही, मग कुणीतरी वायरमनला सांगून फ्रिजही त्याच लाइनवर घेतला. काही बोलायला गेलं की "दोन बॅटऱ्या आहेत ना!" दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. आमचा इन्व्हर्टर चार्जिंगला जेमतेम १०-१२ अँपिअर द्यायचा. २००ची बॅटरी रिकामी झाली तर भरायला १८-२० तास सलग लाईट हवी. कोकणात पावसाळ्यात सलग लाईट? त्यात व्होल्टेज पडलेलं. बॅटऱ्या कायम अर्धपोटी. शिशाची बॅटरी अशी अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, घट्ट होतं आणि तेवढी जागा कामातून जाते. तिसऱ्या वर्षी वायरमनने हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) बुडवला. १२४० दाखवायला हवं तिथे ११७०. "काका, नावाला दोनशे आहेत," म्हणाला.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ. लॉकडाऊनमुळे दादा-वहिनी गावीच होते. लाईट सकाळीच गेलेली, दुपारी माजघरावरची कौलं पत्त्यांसारखी उडाली, मागच्या वाडीत पोफळी एकावर एक आडव्या. संध्याकाळी इन्व्हर्टर चालू होता याचंच सगळ्यांना कौतुक. फ्रिजमध्ये वहिनीने पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली सुरमई होती, म्हणून फ्रिज चालू. तीन पंखे चालू. मी दोनदा फ्रिजचं बटण बंद केलं, दोनदा कुणीतरी परत लावलं.

चार तारखेच्या रात्री आबांना धाप लागली. त्यांना दमा आहे. नेब्युलायझर लावला, मशीन पाच-सात सेकंद घुरघुरलं, इन्व्हर्टरने एक लांब शिट्टी मारली आणि सगळं बंद. ते मशीन १५० वॉटचं, दहा मिनिटं चालवायचं. म्हणजे एक पंखा वीस मिनिटांत खातो तेवढी वीज. तेवढीही उरली नव्हती. टॉर्च तोंडात धरून मी कपाटातला स्पेसर (इनहेलरच्या पंपाला जोडायची नळी) शोधला, पंपावर भागवलं. आबा पहाटेपर्यंत खाटेवर पुढे वाकून बसून होते. सुरमई तिसऱ्या दिवशी वाडीत पुरली.

लाईट आली २३ दिवसांनी. यावर दादाचा निष्कर्ष काय, तर "तीन घ्यायला हव्या होत्या." अरे, २४ व्होल्टवर तिसरी लावणार कुठे होतास?

तुमचा हिशेब. पंखे २२५ वॉट, दिवे ४५, राउटर १०, मिळून २८०. तीन तासांचे ८४० वॉट-तास. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून बॅटरीतून हजार-साडेदहाशे निघतील. बॅटरीच्या १२ व्होल्टने भागलं की ८५-९० एएच. आता १५० हा आकडा वीस तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने काढली तर मिळणारा. तुमचा लोड २८-२९ अँपिअर ओढणार, तेव्हा ११०-११५ धरा. तरी भागतं. आणि पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केलेत, ३० वॉटवाले, तर लोडच १४५वर येतो आणि तीच बॅटरी दुपटीहून जास्त चालते. मोठ्या बॅटरीचे जास्तीचे पैसे पंख्यांत घाला. हे मी २०१७लाच म्हणत होतो.

लाईट दिवसातून दहा-दहा तास जात असेल तर वरचं सगळं सोडा. तिथे बॅटरी वाढवण्याआधी ती भरणार कधी ते बघा. छपरावर सोलर पॅनेल टाकता आलं तर उत्तम. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो (पाच लिटरवाला) ३००-३५० वॉट सतत ओढतो, त्याचा हिशेब वेगळा, आणि त्याला जोडीला जनरेटर किंवा सिलिंडर हवाच. लिथियम बॅटरी लवकर भरते आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, पण तुमचा इन्व्हर्टर तिला चालतो का ते आधी विचारा.

आणि हो, आमच्या बॅटऱ्या ट्युब्युलर नव्हत्या, साध्या प्लेटच्या होत्या. डिस्टिल्ड वॉटर बघायचं काम माझ्याकडे होतं आणि वादळाआधीच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिने राहून गेलं. दादाला हे माहीत नाही.

सध्या पडवीत १५०ची एकच आहे. फ्रिजची वायर मी स्वतः काढली.