सगळे भाग बदलले तर वस्तू तीच राहते का?

हो, भाग एकेक करून बदलले आणि वापर मध्येच तुटला नाही, तर वस्तू तीच राहते. कोल्हापुरी चपलेचं बघा: यंदा तळ बदलला, पुढच्या वर्षी अंगठा, मग पट्टा, तरी दुरुस्तीला नेताना आपण 'माझी चप्पल'च म्हणतो. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने ग्रीक पुराणकथांतला वीर थिसिअस याच्या जहाजाबद्दल हाच वाद नोंदवलाय. अथेन्सकर कुजक्या फळ्या काढून नव्या बसवायचे. सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने मात्र खरी मेख मारली: काढलेल्या फळ्या जोडून कुणी दुसरं जहाज उभं केलं तर? तिथे माझं 'हो' डळमळतं. सगळं एकदम गेलं तरीही ते डळमळतं. १९१५ चं आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ मध्ये एका रात्रीत जळालं. जुन्याशी धागा टिकावा म्हणून उरलेल्या दगडी भिंती जपणं मला फार मोलाचं वाटतं.