गुहाचित्रं ही आदिमानवाची लिपी होती का?

अश्मयुगातल्या माणसांनी गुहांमध्ये काढलेली चित्रं म्हणजे त्यांचं लिखाणच होतं का, असं तुम्ही विचारलंय. लिखाण म्हणता येणार नाही. पण कुणीतरी कुणाला तरी काही सांगत होतं, याबद्दल मला शंका नाही.

लिपीत ठरलेल्या खुणेला ठरलेला उच्चार असतो. लिहिणारा गेला तरी ती लिपी येणारा तेच वाक्य वाचतो. चित्रातला बैल आपण लगेच ओळखतो, पण त्या बैलाबद्दल काय म्हणायचंय ते मात्र कळत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेत सापडलेली हाडं बहुतांश रेनडियरची आहेत, म्हणजे पोटात तोच जात होता. भिंतींवर मात्र घोडे, रानबैल, हरणं. रेनडियर जवळजवळ नाहीच. शिकारीचा हिशोब म्हणून ही चित्रं काढली असती तर असं झालं नसतं.

मग सांगणारा माणूसच हयात असेल तर? दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत तसं थोडंफार घडलंय, आणि या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच. 1873 साली जोसेफ ऑर्पेन हा ब्रिटिश अधिकारी मालोटी पर्वतात फिरत असताना क्विंग नावाचा वाटाड्या त्याच्यासोबत होता. तो सान, म्हणजे तिथल्या मूळच्या शिकारी लोकांपैकी. हरणाचं डोकं असलेल्या माणसांच्या चित्रांबद्दल ऑर्पेनने त्याला विचारलं. क्विंग म्हणाला, ही मेलेली माणसं आहेत, आता नदीत राहतात. आणि त्यांचा संबंध त्याने एलंड हरणांशी व नाचाशी जोडला. ऑर्पेनला त्यातून फारसा बोध झाला नसावा. पुढे डेव्हिड लुइस-विल्यम्स या पुरातत्त्वज्ञांनी सान लोकांच्या जुन्या मुलाखती ताडून पाहिल्या, तेव्हा धागा लागला: रात्रभर नाचून अंगात येणाऱ्या वैदूला सान लोक 'मेला' असंच म्हणत. तिथल्याच ड्राकेन्सबर्ग पर्वतातल्या एका शैलाश्रयात मरणारा एलंड आहे, मागचे पाय एकमेकांत अडकलेले. त्याची शेपटी धरणाऱ्या माणसाचे पायही तसेच. म्हणजे तो नाचात 'मेलेला' वैदू असावा. आपण त्याला शिकारीचा देखावा म्हणून मोकळे झालो असतो.

म्हणजे अर्धा मजकूर भिंतीवर, अर्धा सांगणाऱ्याच्या तोंडात. कीर्तनकाराशिवाय नुसती मृदंगाची साथ ऐकावी तशी आपली गत आहे.

हातांचे ठसे, ठिपके, रेघा, शिडीसारख्या खुणा हा वेगळा विषय. काही खुणा युरोपातल्या अनेक गुहांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतात, तेव्हा त्यांना ठरावीक अर्थ असावा असं वाटतं. पण त्यांची 'वर्णमाला' लावून दाखवणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

ही सवय किती जुनी? इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका रानडुकराभोवती माणसासारख्या तीन आकृती आहेत. 2024 मध्ये जाहीर झालेल्या कालमापनानुसार ते चित्र निदान 51,200 वर्षांपूर्वीचं आहे. एकटं जनावर नाही, प्रसंग रंगवलाय.

अर्थ हाती लागत नसला तरी श्रोते कोण होते याचा अंदाज बांधता येतो. चित्र कुठे आहे आणि तिथे किती माणसं उभी राहतील, हे आधी पाहावं. लास्कोच्या पुढच्या दालनात पाच मीटरांहून लांब बैल आहे, घोळक्याने उभं राहून बघावा असा. पक्ष्याचं तोंड असलेला आडवा माणूस आणि आतडी बाहेर आलेला गवा मात्र त्याच गुहेतल्या एका खोल, अरुंद विहिरीत रंगवलाय. तिथे जेमतेम चार-सहा जणच मावतील.